तारे आणि पंपिंग

साकीनाक्याच्या खैरानी रोडवर लेथ चालवणाऱ्या ओळखीच्या तरुणाने परवा अँजिओग्राफीचं पाकीट माझ्यापुढे धरलं. वडिलांच्या तीन नसांत ब्लॉकेज, हृदयाचं पंपिंग ३० टक्के. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर दोन रुग्णालयं. "काका, याला साडेचार तारे आहेत, त्याला पावणेचार. बायपास कुठे करू?" दोन दिवस तो प्रश्न डोक्यातून जाईना.

त्या ताऱ्यांत लिफ्टची रांग, बिलाचा राग आणि नर्सची माया एकत्र कालवलेली असते, हे सांगायला नको. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएचचं प्रमाणपत्र पुष्कळ गंभीर. पण बायपासनंतर किती जण घरी परतले, हे सामान्य माणसाला त्यावरूनही कळत नाही.

मला नोंद आणि क्रमांक यांतला फरक फार महत्त्वाचा वाटतो. काय घडलं हे नोंद सांगते, कोण सरस हे क्रमांक ठरवतो. माझे एक स्नेही विमा कंपनीतून निवृत्त झालेत, त्यांना हा फरक मान्यच नाही. "सर्जनच्या नावासकट मृत्यू जाहीर करा, लोक शहाणे आहेत," असं ते ठणकावून सांगतात आणि न्यूयॉर्कचा दाखला देतात.

दाखला खरा आहे. न्यूयॉर्क राज्याने १९८९ पासून बायपासच्या नोंदी गोळा केल्या आणि न्यूजडे या वृत्तपत्राने कोर्टात जाऊन १९९१मध्ये सर्जननिहाय आकडे मिळवले. पुढे मृत्यूंचं प्रमाण घटलं. पण फॉर्मवर फुफ्फुसाच्या जुन्या आजाराच्या नोंदीही अचानक वाढल्या, कारण रुग्ण कागदावर जितका गंभीर, तितका त्याचा मृत्यू सर्जनला माफ. आणि अतिगंभीर रुग्णाला हात लावायला सर्जन कचरू लागले, अशी तक्रारही झाली. ३० टक्के पंपिंगवाल्या माणसाला ज्या दारातून परत पाठवतात, त्या दाराचा आकडा सुंदरच दिसणार.

शिवाय साधं गणित बघा. सात सर्जन अगदी सारख्या हाताचे, प्रत्येकाच्या वर्षाला १०० शस्त्रक्रिया, प्रत्येक रुग्णाला दगावण्याचा धोका २ टक्के. तरी वर्षाअखेरीस त्यांतल्या साधारण एकाकडे शून्य मृत्यू असतील आणि एकाकडे चार किंवा जास्त. पहिल्याला हार आणि दुसऱ्याला बदनामी, फक्त योगायोगाने.

इथे मला परळचं केईएम रुग्णालय आठवतं. साकीनाक्याहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने परळ. या भागातल्या कितीतरी घरांची हीच वाट. तिथे फेब्रुवारी १९६८मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाउनमध्ये बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केल्याला तीन महिनेही झाले नव्हते. सेन यांचा रुग्ण काही तासांत गेला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातही रुग्ण वाचला नाही. क्रमवारीत त्यांच्यापुढे १०० टक्के मृत्यू असं लिहावं लागलं असतं. कुत्र्यांवर वर्षानुवर्षं केलेले प्रयोग, महापालिकेच्या रुग्णालयातली ती जिद्द यांना त्या रकान्यात जागाच नाही. म्हणून सेन यांच्याविषयीचा माझा आदर तसूभरही कमी होत नाही.

स्नेह्यांशी भांडता भांडता मी "आकडे नकोतच" या टोकाला पोचलो होतो. ब्रिस्टलने मला थांबवलं. इंग्लंडातल्या त्या शहराच्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होत होते. स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाने स्वतः हिशेब मांडला, तरी वर्षानुवर्षं त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. २००१च्या चौकशी अहवालाने दाखवलं की १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली. तिथे आईबापांकडे क्रमांक तर नव्हताच, नोंदही नव्हती.

तेव्हा स्नेह्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागतं, आणि ते अर्धं लहान नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपासचा दावा मंजूर करून घेताना रुग्ण घरी गेला की दगावला, याचा कागद जोडावाच लागतो. म्हणजे नोंद सरकारदरबारी पडून आहे. ती रुग्णालयनिहाय, तीन-तीन वर्षांची एकत्र, रुग्ण किती गंभीर होते यासह जाहीर करा. किती रुग्णांना नाकारलं, तेही लिहा. सर्जनची नावं आणि पहिला-दुसरा नंबर मात्र नको.

त्या तरुणाला मी पाकिटाच्या मागे दोन प्रश्न लिहून दिले: इथे वर्षाला किती बायपास होतात, आणि ३० टक्के पंपिंगचे किती रुग्ण तुम्ही घेतलेत? काल तो दोन्ही ठिकाणी जाऊन आला. साडेचार ताऱ्यांच्या ठिकाणी त्याला पॅकेजचा कागद मिळाला. पावणेचारच्या ठिकाणी एक थकलेली डॉक्टर त्याला बाकावर घेऊन बसली आणि दहा मिनिटं बोलली. आकडा तिच्याकडेही नव्हता.