शेवटचा घाव आणि विनाशाचा आरंभ

पोलादी हत्याराचा विनाश कधी सुरू होतो: ते तुटते तेव्हा, की पहिल्या घावापासून? भारतीय दर्शनांत या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात. न्यायमतानुसार विनाशाला कारण लागते. मुद्गराच्या आघाताने अवयव विलग झाले की घट नष्ट होतो, तोवर तो असतो. क्षणभंगवादी बौद्धांच्या मते वस्तू उपजताक्षणीच नाश पावते, त्याला बाहेरचे कारण लागत नाही; सारख्या क्षणांच्या मालिकेमुळे ती टिकल्याचा भास होतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य म्हणते, की वस्त्राला जुनेपणा अखेरीस एकाएकी येत नाही, तो क्षणाक्षणाने येत असतो.

पोलादी हत्याराच्या बाबतीत हा प्रश्न धातूच्या थकव्याचा, म्हणजे वारंवार भार पडून धातू निकामी होण्याचा आहे, आणि त्याचा अभ्यास खाणीतूनच सुरू झाला. जर्मनीत हार्ट्स पर्वतातील क्लाउस्टाल येथे खाण-अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८२९ च्या सुमारास माल वर ओढणाऱ्या लोखंडी साखळ्यांवर पुन्हा पुन्हा भार दिला. एरवी सहज पेलणारा भारही वारंवार दिल्यास साखळी तोडतो, असे दिसले. १९०३ मध्ये यूइंग आणि हम्फ्री यांनी सूक्ष्मदर्शकातून लोखंडाच्या स्फटिककणांवर घसरणीच्या रेषा उमटताना, दाट होताना आणि त्यांतूनच तडे जाताना पाहिले.

खडकात भोक पाडणाऱ्या ड्रिलच्या कांबीवर मिनिटाला दोन हजारांच्या आसपास घाव बसतात. या गतीने एक कोटी घाव साधारण ८३ तासांत पूर्ण होतात. तडा बहुधा आट्यांच्या खाचेत किंवा गंजाच्या खड्ड्यात धरतो, कारण ताण तिथे एकवटतो. तुटलेला पृष्ठभाग दोन भागांत दिसतो: तडा हळूहळू सरकला तिथे गुळगुळीत, शिंपल्यासारख्या वक्ररेषांचा, आणि उरलेली धातू एकदम तुटली तिथे खडबडीत.

या खुणा व्यासभाष्याच्या बाजूने साक्ष देतात. शेवटचा घाव केवळ आधीच्या क्रमाची अखेर असतो. तरी क्रम निव्वळ काळाचा नसतो. कोरड्या कोठारात पडून राहिलेली कांब थकत नाही. म्हणूनच तिचे आयुष्य वर्षांऐवजी तिने पाडलेल्या भोकांच्या एकूण मीटरमध्ये मोजतात. शिवाय, ठरावीक मर्यादेखालचा ताण कोरड्या, निर्दोष पोलादाला व्यवहारतः अमर्याद वेळा सोसतो. खाणीतले खारे किंवा आम्लयुक्त पाणी लागले की ही सवलत संपते. उलट, पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करून दाबाचा ताण भरला तर तडा उशिरा धरतो. म्हणजे विनाश स्वयंभू नाही, त्याला कारण लागते हे नैयायिकांचे म्हणणे खरे ठरते. मात्र ते कारण अखेरच्या आघातापुरते नसते. क्षणभंगवादाचाही एक भाग उरतो: बाहेरून तीच दिसणारी कांब आतून प्रत्येक घावागणिक बदललेली असते.

यातून जबाबदारीचा निवाडाही बदलतो. हत्यार ज्याच्या हातात तुटले, त्याच्यावर सगळा दोष येत नाही. घडवताना खाच ठेवणारा कारागीर, गंज चढू देणारी साठवण आणि मुदत उलटल्यावरही कांब चालू ठेवणारी व्यवस्था हेही त्या विनाशाचे कर्ते असतात.