जैसे थे करार आणि दिलेला शब्द

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो. १९४८ साली याच दिवशी निजामाच्या राजवटीने शस्त्रे खाली ठेवली आणि त्या काळी औरंगाबाद जिल्ह्यात असलेला आपला जालना मुक्त झाला. परंतु ध्वजवंदनाच्या वेळी एका दस्तऐवजाची आठवण सहसा कोणी काढत नाही. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम मीर उस्मान अली यांच्यात 'जैसे थे करार' झाला होता. त्याची मुदत एक वर्षाची होती. ती संपण्यापूर्वीच, १३ सप्टेंबर १९४८ रोजी, भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मग आपली मुक्ती करारभंगातून जन्मली काय? राष्ट्राने दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

करार मोडल्याचा आरोप दोन्ही पक्षांनी एकमेकांवर केला. हैदराबादने पाकिस्तानला २० कोटींचे कर्ज देऊ केले व संस्थानात भारतीय चलनावर निर्बंध घातले, ही भारताची तक्रार. भारताने आर्थिक कोंडी केली, ही हैदराबादची तक्रार. वाद उद्भवल्यास तो लवादाकडे सोपवावा, असे कलम करारातच होते. तो लवाद कधी बसलाच नाही.

राजकारणात नीती कसली, असे म्हणून हा प्रश्न झटकणे सोपे आहे. परंतु ज्यांच्या धर्मग्रंथाचे दोन्ही भाग 'करार' या नावानेच ओळखले जातात, त्यांना ते शोभणारे नाही. गिबोनी लोकांनी यहोशवाला फसवून त्याच्याशी तह केला. फसवणूक उघडकीस आली तरी इस्राएलच्या वडीलधाऱ्यांनी शपथ मोडली नाही. पुढे शौल राजाने ती मोडली आणि त्याचे प्रायश्चित्त दावीदाच्या काळात भोगावे लागले. तात्पर्य, तोटा झाला, पश्चात्ताप झाला, इतकेच काय, फसगत झाली, तरी एवढ्याने दिलेला शब्द रद्द होत नाही.

तथापि, शब्द पाळणारा आणखी एक राजा आपल्या परिचयाचा आहे. हेरोदानेही आपली शपथ पाळली आणि त्यापायी संत योहान बाप्तिस्ताचे मस्तक तबकात आले. त्या शपथपालनाचे कौतुक ख्रिस्तसभेने कधी केले नाही. गिबोन्यांशी केलेला शब्द पाळल्याने माणसे जगली, तर हेरोदाचा शब्द पाळल्याने निरपराध माणूस मेला. आपल्या वचनाची किंमत आपण स्वतः मोजावी. ती दुसऱ्याच्या प्राणांनी चुकवण्याचा अधिकार कोणत्याही राजाला अथवा सरकारला नाही.

जैसे थे करारावर सही करताना संस्थानातील सुमारे १ कोटी ६० लाख प्रजेला कोणी विचारले नव्हते. कासीम रझवीचे रझाकार गावे लुटत होते, माणसे मारत होते. अशा वेळी कराराची मुदत संपेपर्यंत स्वस्थ बसणे म्हणजे हेरोदाचा मार्ग पत्करणे झाले असते. म्हणून ती कारवाई मला न्याय्य वाटते.

परंतु ज्या कारणाने आपण करारातून मोकळे होतो, तेच कारण आपल्याला नव्याने बांधून ठेवते. निरपराधांच्या जीवासाठी करार बाजूला सारला, तर मग प्रत्येक निरपराध जीवाचे रक्षण करणे आपले कर्तव्य ठरते. कारवाईच्या काळात व त्यानंतर संस्थानात मुसलमानांच्या कत्तली झाल्या. भारत सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही.

मुक्तिदिनाचा आनंद आपण अवश्य मानावा. त्याचबरोबर रझाकारांनी मारलेल्यांसाठी आणि त्या सूडात बळी गेलेल्यांसाठी एकाच प्रार्थनेत देवापुढे उभे राहावे. करार मोडण्याचे जे कारण आपण जगाला सांगितले, ते खरे होते की केवळ सबब होती, याची कसोटी तेथेच लागते.