मुले घरात आहेत तोवर

शास्त्रवाचन : २ राजे ४:१-७



अलीशा संदेष्टा आणि विधवेच्या तेलाची गोष्ट आपण शब्बाथशाळेत लहानपणीच शिकतो. मुलांना त्यातला चमत्कार फार आवडतो. एका कुपीतून तेल वाहत राहते, भांड्यामागून भांडे भरते, आणि भांडी संपली तेव्हाच तेल थांबते. आपण शिक्षकही बहुधा तेथेच थांबतो. या महिन्यात मात्र चमत्कार कोणत्या वेळी झाला त्याकडे आपण लक्ष देऊ या.

ही बाई एका देवभीरू माणसाची विधवा होती. नवरा संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी, म्हणजे आजच्या भाषेत मंडळीच्या सेवेतला माणूस. तो वारला आणि मागे देणे राहिले. सावकार आपल्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला आहे, असे ती रडून अलीशाला सांगते. सावकार आला आहे, पण मुले अजून गेलेली नाहीत. ती आईजवळच आहेत आणि चूलही अजून पेटते आहे. नेमक्या त्याच वेळी देवाचा माणूस त्या घरात लक्ष घालतो. चार दिवस उशीर झाला असता तर मुले सोडवून आणण्यासाठी सावकाराच्या दारी जावे लागले असते. एकदा मोडलेले घर पुन्हा उभे करणे किती कठीण असते हे आपण सर्व जाणतो.

घर मोडण्याआधी हात देणे ही सेवा प्रभू आज आपल्या मंडळ्यांकडून मागत आहे. तिच्याविषयी थोडा विचार करू.

सांध्याजवळचा माणूस

आमचे करजण हे रेल्वेचे गाव. स्टेशनाचे नाव मियागाम करजण. बडोदे संस्थानाने १८६२ साली येथून डभोईपर्यंत अरुंद रूळ टाकले. आरंभी त्यांवरून गाड्या बैल ओढीत असत. इंजिन नीट चालू लागले ते १८७३ साली. पुढे मियागामहून आणखी एक अरुंद मार्ग निघाला आणि त्याला चोरंदा येथे दोन फाटे फुटले, एक मालसरकडे आणि दुसरा मोटी कोरलकडे. जेथे फाटा फुटतो तेथे सांधा असतो. तो हलतो चार बोटे, पण त्या चार बोटांवर गाडी कोणत्या गावाला पोहोचणार हे ठरते. सांधेवाल्याचे काम गाडी येण्याच्या आधीचे. गाडी पुढे निघून गेल्यावर त्याने कितीही धावाधाव केली तरी उपयोग नाही.

कुटुंबाचेही असेच आहे. बाप अंथरुणाला खिळतो, आई बाळंतपणानंतर खचते, कोणाला दारू लागते, कोणाचे काम सुटते. त्या वेळी हलवायचे असते ते चार बोटेच. दोन महिन्यांचे धान्य, एक अर्ज, दवाखान्यात सोबत, संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेणारे कोणी. तेवढे मिळाले नाही तर वर्षभराने तेच घर ओळखू येत नाही. थोरली मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते आहे आणि मुलगा चहाच्या टपरीवर कपबशा धूत आहे.

आपली जुनी सवय

मुलांची सेवा आपल्या मंडळ्यांना नवी नाही. १८९९-१९०० चा भयंकर दुष्काळ गुजरातेत विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनियो’ म्हणून ओळखला जातो. त्या वेळी पंडिता रमाबाईंनी आपली माणसे गुजरातेत पाठवली आणि उपाशी, निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. अनेक मिशनांनीही अनाथालये काढली. त्यांतून कितीएक जीव वाचले, आणि आज गुजरातेतील व महाराष्ट्रातील कितीतरी ख्रिस्ती घराण्यांचे मूळ त्या अनाथालयांत सापडते. त्या सेवेबद्दल आपण देवाचे आभार मानतो.

परंतु तो दुष्काळ होता. आईबाप मेले होते, घरेच उरली नव्हती. त्या काळापासून आपल्याला अशी सवय जडली आहे की मुलांची सेवा म्हटली म्हणजे वसतिगृह किंवा अनाथालय. नाताळात तेथे कपडे व खाऊ पाठवला की मन समाधान पावते. पण आज संस्थेत ठेवलेल्या पुष्कळ मुलांची आई किंवा बाप जिवंत आहे. मूल तेथे आले ते घरी सांभाळण्याची ऐपत नव्हती म्हणून. केवळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडू नये, असे २००९ साली संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितले. आपल्या देशाच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही संस्था हा शेवटचा उपाय ठरविला. अलीशाने तर हे फार पूर्वीच केले होते. त्या दोन मुलांसाठी त्याने अनाथालय काढले नाही. त्यांच्या आईचे घर सावरले.

त्याने ते कसे केले, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : हाक ऐकणे

ही बाई रडून हाक मारू शकली. आपल्या मंडळीतील कितीतरी घरांना तेवढेही धैर्य नसते. अब्रूची भीती असते. लोक काय म्हणतील, पाळकसाहेब काय म्हणतील, या विचाराने ती माणसे प्रथम उपासनेला येणे बंद करतात, आणि आपण म्हणतो, त्यांचा विश्वास थंड झाला. कदाचित त्यांची चूल थंड झाली असेल.

येथे शब्बाथशाळेच्या शिक्षकांचे काम फार मोठे आहे. मूल तीन रविवार आले नाही, नेहमी बडबडणारे गप्प बसू लागले, खाऊ वाटताना दोन वाटे मागून एक खिशात ठेवू लागले, आईचे नाव काढताच डोळे पुसू लागले, तर ते सर्वांआधी तुम्हाला दिसते. हजेरीपटावरील रिकामा रकाना ही सुद्धा एक हाक आहे. त्या आठवड्यात घरी जाऊन या. जाताना शिक्षक म्हणून उपदेश घेऊन जाऊ नका, मुलाचे मावशी-काका म्हणून जा.

दुसरी गोष्ट : घरात काय आहे?

अलीशाचा प्रश्न लक्षात घ्या. तुझ्याजवळ काय नाही, असे तो विचारीत नाही. तुझ्या घरात काय आहे, असे विचारतो. ती म्हणते, थोड्या तेलावाचून काही नाही. त्या थोड्या तेलापासूनच देवाने आरंभ केला.

मदत करणारे बहुधा उणिवांची यादी करतात आणि घरातली माणसे लाजेने अधिकच वाकतात. ज्या घरी आपण जातो तेथे काहीतरी असतेच. आजी असते, शिवणयंत्र असते, बाईच्या हाताला भाकरीची चव असते, बाप दारू प्याला नसेल तेव्हा मुलांवर जीव टाकतो. ते शोधून काढावे व त्याला आधार द्यावा. निर्गम दुसऱ्या अध्यायात फारोच्या मुलीने बाळ मोशेला वाचविले. तिने त्याला दूध पाजण्यास त्याच्याच आईच्या हाती दिले आणि वर तिला वेतन ठरवून दिले. आईजवळ दूध होते, माया होती. उणीव होती ती निर्भयतेची व पैशाची. राजवाड्याने तेवढीच भर घातली.

आज सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत याच प्रकारची तरतूद आहे. विधवा, परित्यक्ता किंवा गंभीर आजारी आईबापाचे मूल घरीच राहावे म्हणून २०२२ पासून दरमहा ४,००० रुपये प्रायोजकत्वाची मदत ठरली आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न खेड्यात ७२,००० व शहरात ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जातो. ज्या बाईला अर्ज लिहिता येत नाही, तिला ही मदत आहे हे ठाऊकच नसते. आपल्यातील एखाद्या निवृत्त कारकुनाने अर्धा दिवस तिच्यासाठी दिला तर तोही परमेश्वराच्या सेवेतच गणला जाईल.

तिसरी गोष्ट : शेजाऱ्यांची भांडी

तेल देवाने दिले, पण भांडी शेजाऱ्यांची होती. आणि अलीशाने बजावले होते की थोडी मागू नकोस. जेवढी भांडी आली तेवढेच तेल साठले. देवाची कृपा साठवायला शेजारी लागतात, हे या गोष्टीचे मर्म आहे.

पाळकांनी एकट्याने हे करू नये. महिला समाज, तरुण संघ, वडीलमंडळ, प्रत्येकाने आपले भांडे आणावे. मंडळीबाहेरचेही भांडे घ्यावे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम शिकल्या. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. लहानपणीच विधवा झालेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुले शाळेत येईनात, तेव्हा त्या दोघी शाळा घेऊन मुलांच्या अंगणात गेल्या. अंगणवाडी ती हीच. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा सुरू केली. गुजरातेत तिचा आरंभ छोटा उदेपूरला झाला, जे तेव्हा आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होते.

आज अंगणवाडी बहुतेक गावांत आहे. सेविकेजवळ दंडाचा घेर मोजण्याची पट्टी असते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित समजले जाते. बाळ अजून हसते-खेळते आहे असे आपल्याला वाटते, तेव्हाच ती पट्टी धोका सांगते. सेविकाताईंची आपल्या मंडळीशी ओळख असावी. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा दूरध्वनी १९९६ साली मुंबईत सुरू झाला. तो क्रमांक प्रत्येक शब्बाथशाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा.

चौथी गोष्ट : दार लावून घे

अलीशाने सांगितले की मुलांना घेऊन आत जा आणि दार लावून घे. तो स्वतःही तेथे उभा राहिला नाही. गरिबाला अब्रू असते. आपण दिलेले दहा किलो गहू व्यासपीठावरून जाहीर केले, तर त्या घराने आपल्याला फार मोठी किंमत मोजली असे समजावे. प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितलेली घरगुती गोष्ट सभा सुटल्यावर चहाबरोबर फिरते, हे पाप आपल्यात आहे. ते सोडल्याशिवाय कोणतेही दुःखी घर आपल्याजवळ तोंड उघडणार नाही.

पण लावलेले दार आणि लपवलेले पाप यांत फरक आहे. मुलाला घरात मारहाण होत असेल तर मंडळीच्या किंवा घराण्याच्या नावासाठी गप्प बसणे हे देवाला मान्य नाही. लैंगिक छळाची माहिती पोलिसांना कळविणे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. मूल वाचवणे हे पहिले कर्तव्य, अब्रू नंतर.

पाचवी गोष्ट : देणे फेड आणि उरलेल्यावर जग

शेवटी अलीशा म्हणतो, तेल विकून देणे फेड आणि उरेल त्यावर तू व तुझी मुले निर्वाह करा. एका दिवसाच्या जेवणावर तो थांबला नाही.

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नंदुरबार, धुळे, डांग भागांतून हजारो कुटुंबे नर्मदेपलीकडे दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला येतात. त्यांत आपल्या मंडळ्यांतील घरेही असतात. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत नवराबायको मिळून कोयता चालवतात, आणि शाळेतले मूल पडावावर झोपडीपाशी तान्ह्याला सांभाळत बसते. उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर चढते. राजांच्या काळातला सावकार मुले नेण्यास दारी येत असे. आज उचलीमुळे मुले आपल्या पायांनी जातात, एवढाच भेद.

गावाकडच्या मंडळीने पावसाळ्यातच अशा घरी जावे. मूल आजीजवळ राहू शकेल काय? त्याला सहा महिने धान्य कोण देईल? कापणीच्या सणाला आपण धान्याचे अर्पण आणतो. त्यातील एक वाटा या मुलांसाठी राखता येईल. महाराष्ट्रात हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तिची चौकशी करता येईल. आणि इकडे गुजरातेतल्या मंडळ्यांनी पडावावर आलेल्यांना परके समजू नये. त्यांच्या तान्ह्यांना जवळच्या अंगणवाडीचा रस्ता दाखवणे, रविवारी दोन तास मुलांना गोळा करून मराठीतून वाचायला शिकवणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.

प्रियांनो, ती दोन मुले पुढे कोण झाली हे शास्त्र सांगत नाही. त्यांची नावेही दिलेली नाहीत. आपण ज्या घराला वेळेवर हात देऊ त्याचीही कोठे नोंद होणार नाही, कारण जे घर मोडले नाही त्याची बातमी होत नसते. संध्याकाळी मुले आईच्या हातचे जेवतील आणि झोपतील. प्रभूने बालकांना जवळ येऊ द्या म्हटले, त्याला एवढे पुरेसे आहे. या आठवड्यात आपल्या मंडळीतील कोणते दार आपण वाजवणार आहोत, हे प्रत्येकाने गुडघे टेकून प्रभूला विचारावे.

प्रार्थना : हे दयाळू पित्या, आमच्या शेजारच्या घरातील न निघालेली हाक आम्हांला ऐकू दे. आमची भांडी रिकामी आहेत. ती आणण्याची लाज आम्हांला वाटू देऊ नकोस. प्रत्येक लेकरू आपल्या आईबापाजवळ निर्भयपणे राहावे, आणि ज्यांना कोणी नाही त्यांना आमच्यात घर मिळावे. तुझा पुत्र येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.