पिशवी की डबा

महापे एमआयडीसीत मी २६ वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. कंपनी गोळ्या-औषधांची, त्यामुळे रोजची गाठ पावडरशी. मिक्सिंगला उडते, प्रेसवर उडते आणि जिथे जायला नको नेमकी तिथे जाऊन बसते. तिला पकडायला गच्चीवर डस्ट कलेक्टर. त्याच्या पिशव्या बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली म्हटलं तरी चालेल. त्यामुळे घरासाठी व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचा विषय निघाला की घरातले मला विचारून मोकळे होत. हा माणूस धुळीतच वाढलेला, याला कळणार नाही तर कोणाला? मी आजवर तीन यंत्रं घेतली. त्यातली दोन चुकीच्या कारणांसाठी.

कोपरखैरण्यात राहणाऱ्याला धूळ समजावून सांगावी लागत नाही. एका अंगाला ठाणे-बेलापूर रोड, त्यावर रात्रंदिवस कंटेनर. पलीकडे महाप्याहून शीळकडे जाणारा रस्ता पारसिकचा डोंगर चढतो, आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं चाललेल्या दगडखाणी नि क्रशर. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. बोटाला फरकही कळतो. खाणीकडची धूळ करकरते, रस्त्याची काळी असते आणि पुसलं की तेलकट रेघ ओढते, गादीखालची मात्र मऊ, राखाडी, जवळजवळ लोकरीसारखी. केरसुणीने पहिली निघते, दुसरी पसरते, तिसरी उडून परत खाली येते.

पहिलं यंत्र घरात आलं ते नव्वदीच्या दशकात, दारावर आलेल्या मुलाच्या हातून. युरेका फोर्ब्ज ही कंपनी १९८२ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सच्या भागीदारीत सुरू झाली आणि टाय लावून दारोदार जाणारा विक्रेता ही जातच तिने आपल्याकडे रुजवली. आमच्याकडे आलेला मुलगा कुठल्या कंपनीचा होता ते राहू दे. पण प्रयोग तोच. नळीच्या तोंडाशी पांढरा रुमाल लावायचा, आपण ज्या गादीवर रोज झोपतो तिच्यावरून दोन हात फिरवायचे आणि रुमाल काढून गृहिणीपुढे धरायचा. ही तो काळा गोल बघून इतकी ओशाळली, की चहा टाकायला आत गेली ती यंत्र घ्यायचं ठरवूनच बाहेर आली.

पुढे कधीतरी वाचलं, की त्या रुमालाला मोठा इतिहास आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. फुंकण्यापेक्षा ओढून का घेऊ नये, असं त्याच्या मनात आलं. मग एका हॉटेलात त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल अंथरला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. जीव घुसमटला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवरून यायचं, रस्त्यात उभं राहायचं आणि खिडकीतून घरात लांबलचक नळ्या सोडायचं. घरात मावेल असं यंत्र १९०७ साली अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलरने जुळवलं. हा दुकानात झाडलोट करणारा माणूस, दम्याने बेजार. पंख्याची मोटर, खोकं आणि धूळ साठवायला उशीचा अभ्रा! पुढे त्याचा हक्क हूवर नावाच्या उद्योजकाने घेतला. रुमाल काय, अभ्रा काय, हवा जाऊ देणारं आणि धूळ अडवणारं कापड म्हणजेच पिशवी.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पिठाच्या गिरणीत पीठ जिथून डब्यात पडतं तिथे कापडाची लांब बाही लावलेली असते. चक्की हवेसकट पीठ ढकलते, हवा कापडातून निसटते, पीठ डब्यात राहतं. गिरणीवाला अधूनमधून त्या बाहीवर चापट मारतो. का मारतो? कापडाच्या आत पिठाचा थर बसला की हवेला वाट राहत नाही. आमच्या गच्चीवरच्या डस्ट कलेक्टरमध्ये ती चापट कॉम्प्रेस्ड हवेच्या झटक्याने बसते, एवढाच फरक.

घरच्या त्या पहिल्या यंत्रात कापडी पिशवी होती आणि चापट मारायचं काम माझ्याकडे. एका मे महिन्यात मी ती गॅलरीबाहेर धरून झटकली. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यानंतर त्या माझ्याशी गणपतीपर्यंत बोलल्या नाहीत. कुरडया टाकून द्याव्या लागल्या की त्यांनी त्या झटकून ठेवल्या, हे विचारायचा धीर मला आजतागायत झालेला नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी बिनपिशवीचं यंत्र घेतलं. पारदर्शक डबा, आत उलटे शंकू. यामागची कथा इंजिनिअरला भुरळ घालणारी आहे. जेम्स डायसन या इंग्रज डिझायनरने सॉ मिलवर भुसा गोळा करणारा सायक्लोन पाहिला आणि तो घरगुती यंत्रात बसवायचं मनावर घेतलं. ५,१२७ नमुने केल्यावर त्याचं समाधान झालं, आणि स्वतःच्या नावाचं पहिलं यंत्र १९९३ साली बाजारात आलं. तत्त्व सोपं आहे. हवा शंकूत गरगर फिरवायची, जड कण बाहेर फेकले जाऊन भिंतीला लागतात आणि घसरून खाली येतात, हवा मधून वर निघून जाते. अडवायला कापड नाही, म्हणून ते तुंबण्याचा प्रश्न नाही. डबा भरत आला तरी ओढ बऱ्यापैकी टिकते.

शिवाय त्यात एक मजा असते, तीही कबूल करायला हवी. डब्यात केस, गादीचा कापूस, नातीची हरवलेली टिकली, दिवाळीची वाळकी झेंडूची पाकळी असं सगळं गरगरताना दिसतं. पिशवीत काय गेलं ते कळत नाही. डब्यात आपली मेहनत डोळ्यांपुढे साठते. पहिला महिनाभर मी रोज यंत्र फिरवलं. नंतर तेवढा उत्साह राहिला नाही, पण तो दोष यंत्राचा नव्हे.

खरा घोळ झाला जुलैत. सायक्लोन मोठे कण छान पकडतो. कण १० मायक्रॉनच्या खाली गेला की त्याची पकड सुटू लागते, आणि ५ च्या खाली फारच. शंकू जितका अरुंद तितका फिरकीचा जोर जास्त, म्हणून घरगुती यंत्रात एकाऐवजी अनेक लहान शंकू असतात. तरी सर्वांत बारीक धूळ निसटतेच. तिच्यासाठी शेवटी फिल्टर असतो आणि तो धुवावा लागतो. पूर्ण वाळवून मगच बसवा, असं पुस्तिकेत लिहिलेलं. कोपरखैरण्यात जुलैत काय वाळतं? मोजे वाळत नाहीत. मी तो फिल्टर चार दिवस फ्रिजच्या मागे टेकवून ठेवला, वरून कोरडा लागला म्हणून बसवला, आणि यंत्र सुरू केल्याबरोबर घरभर ओल्या कुत्र्याचा वास सुटला. ओल्या फिल्टरवर धुळीचा चिखल झाला होता. त्या यंत्राची ओढ त्यानंतर पूर्ववत झाली नाही.

कंपनीत मात्र पिशवी की सायक्लोन असा वाद कधी ऐकला नाही. एमआयडीसीतल्या छपरांकडे जरा मान वर करून पाहा. पत्र्याचा उलटा शंकू दिसतो, आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या पुढे चौकोनी पेटी. शंकू म्हणजे सायक्लोन, पेटीत पिशव्या. जाड माल सायक्लोनने उतरवून घ्यायचा, बारीक पिशव्यांनी गाळायचा. म्हणजे दोघे एकामागोमाग उभे राहतात. पिशवीचीही एक गंमत आहे, नवी कोरी असताना ती किंचित गळते. कापडावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच गाळायला लागतो. थर जाड झाला की हवा अडते, आणि बाहेरच्या दाब मोजणाऱ्या घड्याळाचा काटा चढू लागतो. तो काटा बघत मी इतकी वर्षं काढली, आणि घरी मात्र दुकानदाराच्या ‘पॉवर किती वॅट’ या भाषेत यंत्र घेत राहिलो.

हे उघडं पडलं आमच्या मावशींमुळे. त्या बारा वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. डबा रिकामा करायचं काम कधी त्यांच्याकडे गेलं ते कळलंही नाही. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, पण आम्हीही ते करेनासे झालो होतो. एक दिवस त्यांना वर्तमानपत्र पसरून, पदर नाकाला गुंडाळून बसलेलं पाहिलं. डब्याचं तळाचं झाकण उघडलं की मऊ राखाडी गोळा थप्पकन पडतो आणि मागोमाग धुराची लाट यावी तशी बारीक धूळ वर येते. केसांचा गुंता शंकूभोवती अडकलेला, तो बोटांनी ओढून काढायचा. मी सहज म्हटलं, “मावशी, पंखा तरी बंद करायचा.” त्या म्हणाल्या, “पंखा बंदच हाय काका. आपसूकच येतं तोंडावर.”

आमच्या कंपनीत पिशवी बदलणाऱ्या माणसाला फिल्टरच्या काडतुसाचा मास्क, अंगभर सूट, आणि काही खात्यांत तर भरलेली पिशवी प्लॅस्टिकच्या बाहीतच ओढून घ्यायची, म्हणजे त्याच्या हाताला ती लागूच नये. तो नियम मी स्वतः शिकवायचो. धूळ पकडताना धोका कमी असतो, पकडलेली सोडताना जास्त, हे माझं ठरलेलं वाक्य. आणि घरी मावशींचा पदर. शिवाय बिनपिशवीचं म्हणून मिरवलेल्या यंत्राचा कचरा शेवटी जात होता सुक्या कचऱ्याच्या पिशवीतच.

तिसरं यंत्र पिशवीचं घेतलं. आतली पिशवी आता कापडी नाही, कागदासारख्या दिसणाऱ्या कृत्रिम तंतूंची, तीन-चार पदरांची. तोंडाशी पुठ्ठ्याची चकती, भरल्यावर तिचं झाकण सरकवायचं आणि आहे तशी टाकून द्यायची. घरात कोणाला दमा असेल तर मी बेधडक हेच घ्या म्हणेन. पण ही पिशवी फुकट नाही, धुता येत नाही, कुजतही नाही. अर्धी भरली की ओढ मंदावते, नि पावसाळ्यात आतल्या धुळीला कुबट वास येतो. मॉडेल बंद झालं की पिशव्या मिळेनाशा होतात हे मी वाशीच्या तीन दुकानांत हिंडून अनुभवलं आहे. पाकिटावरचा नंबर जुळत नव्हता आणि दुकानदार ‘हीच बसते, बसवून बघा’ म्हणत होता. चकती दोन मिलिमीटरने चुकली तर बाजूने धूळ थेट मोटरकडे जाते. बसवून बघायची ती गोष्ट नव्हे.

गंमत म्हणजे हल्ली स्वतःहून घरभर फिरणारे जे रोबो निघाले आहेत, त्यांच्या पोटात डबा असतो, पण तो ज्या खांबापाशी जाऊन आपोआप रिकामा होतो, त्या खांबात पुष्कळदा पिशवीच बसवलेली असते. आमच्या गच्चीवरची रांग दिवाणखान्यात येऊन पोहोचली म्हणायची.

परवा पिशवी भरली. मावशींनी यंत्र उघडून ती बाहेर काढली, चकतीचं झाकण सरकवलं, हातात तोलून पाहिली. पाकिटाची किंमत त्यांनी हिला विचारून घेतली होती.

“काका, खालून कापून मोकळी करू का? पिना मारून परत लावता येईल. चांगली हाय अजून.”

मी नको म्हटलं. पण लगेच नाही म्हटलं. स्टेपलर मी सकाळीच ड्रॉवरमधून काढून ठेवला होता.