संशय की सावधानता?

१६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांचे प्राण घेतले. त्याची मनःस्थिती प्राध्यापकांना, पोलिसांना, समुपदेशन केंद्राला तुकड्यातुकड्याने ठाऊक होती. परंतु गोपनीयतेच्या कायद्याविषयीच्या गैरसमजामुळे ते तुकडे कोणी जुळविले नाहीत. २००८ साली त्या राज्याने सरकारी महाविद्यालयांत धोका ओळखणारी पथके कायद्याने सक्तीची केली.

प्रश्न असा की, एकलकोंड्या मुलाकडे गुन्हेगार म्हणून पाहावयाचे काय? मुळीच नाही. स्वभाव हा पुरावा नव्हे. धमकी देणे, हल्ल्याची तयारी करणे ही कृती पुरावा होय. नुसता पहारा बसविला तर दुःखी मुलगा तोंड मिटून घेईल आणि धोका अधिकच अंधारात जाईल. म्हणून जे प्रशिक्षण शिक्षकाला आधी ऐकावयास शिकवीत नाही, ते अपुरेच म्हटले पाहिजे.