आजचं चिंतन : व्याधीकडे पाहण्याचं ज्ञान



आजचा पाठ ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातला. या अध्यायात भगवंत अर्जुनाला ज्ञान म्हणजे काय ते सांगतात. आपल्याला वाटतं, आता आत्मा, ब्रह्म असं काहीतरी डोक्यावरून जाणारं येणार. पण भगवंत जी यादी देतात ती अगदी रोजच्या जगण्यातली आहे. मोठेपणा न मिरवणं, ढोंग नसणं, कुणाला न दुखावणं, क्षमा, सरळपणा, गुरुसेवा, स्वच्छता. आणि याच यादीत मध्येच एक वेगळी गोष्ट येते : जन्म, मृत्यू, म्हातारपण आणि आजार यांच्यातलं दुःख नीट पाहणं. त्यासाठी शब्द वापरलाय 'अनुदर्शन'. एकदा नजर टाकून पुढे जायचं नाही, पुन्हा पुन्हा पाहायचं.

खरं सांगतो, ही जागा आली की मी भराभर वाचून पुढे सरकायचो. सकाळी सकाळी आजारपण, म्हातारपण कशाला? भक्ती कशी प्रसन्न हवी, असं वाटायचं. आता तसं होत नाही. परवा ताईला जाऊन तीन वर्षं झाली.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. राहायला मोशीला, नोकरी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात. तिचं काम एकच, पार्ट हातात घ्यायचा आणि दोष शोधायचा. बारीकशी चीर दिसली तरी पार्ट लाल क्रेटमध्ये. सलग दोन-तीन पार्ट तसे निघाले की लाइन थांबवायची. सुपरवायझर ओरडला तरी थांबवायची. ती अभिमानानं सांगायची, "अरे, तिथं डोळे झाकून चालत नाही. इथं सुटलेला पार्ट उद्या कुणाच्या तरी ब्रेकमध्ये जाणार."

अशा बाईला स्वतःच्या छातीत गाठ लागली. दुखत नव्हती. आणि ती गप्प बसली. आधी मुलाची बालवाडीची ॲडमिशन, मग कंपनीत ऑडिट, मग सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. दीड-दोन महिन्यांनी मावशीकडे जेवायला जमलो होतो, तेव्हा तिनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. घरात "देवाचं वाचणारा" म्हणून माझं नाव होतं ना! आणि मी काय म्हणालो? "काही नसेल गं ताई. उगाच मनात आणू नकोस. नाम घे, माउली आहे पाठीशी."

ती हसली. तिलाही तेच ऐकायचं होतं. पुढचे तीन महिने असेच गेले.

मंडळी, आपल्यातले बरेच जण माझ्यासारखे आयटीवाले आहेत. रात्री दोनला सर्व्हरचा अलर्ट येतो आणि तो म्यूट केला की झोप छान लागते. पण म्यूट केल्यानं सर्व्हर बरा होत नाही. मी त्या दिवशी ताईचा अलर्ट म्यूट केला, आणि त्यासाठी देवाचं नाव वापरलं. नामात ताकद आहे, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. पण मी तिला नाम दिलंच नव्हतं. माझी भीती नामाच्या कापडात गुंडाळून तिच्या हातात ठेवली होती.

तपासणी झाली तेव्हा रिपोर्टवर शब्द होता 'ट्रिपल निगेटिव्ह'. मला आधी वाटलं, निगेटिव्ह म्हणजे चांगलंच असेल. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर साधारण तीन गोष्टी तपासतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन हार्मोनचे रिसेप्टर, आणि हर-टू नावाचं प्रथिन. यातलं जे सापडेल त्यावर नेम धरून औषध देता येतं. या प्रकारात तिन्ही नसतात. त्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नसतो, मुख्य भिस्त केमोवर. हा प्रकार वेगानं वाढतो आणि तरुण स्त्रियांमध्ये तुलनेनं जास्त आढळतो. ताई तेव्हा तेहतीस वर्षांची होती.

आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. केमोनं गाठ लहान झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. वर्षाच्या आत आजार फुप्फुसात दिसला.

पाच महिने आधी गेलो असतो तर ती वाचली असती का? मी डॉक्टरांना हे विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. लवकर सापडूनही हा आजार कधी कधी उलटतो. पण लवकर आलेल्या बाईसाठी आमच्या हातात जास्त उपाय असतात." या उत्तरानं माझी सुटका झाली नाही, आणि मला शिक्षाही झाली नाही. आजही मी तिथंच उभा आहे.

त्यानंतर हा अध्याय पुन्हा उघडला. माउली इथं जे सांगतात, ते मला माझ्या बुद्धीनं असं कळलं : आजार दारात येऊन उभा राहण्याआधीच शहाणा माणूस त्याच्याकडे पाहून ठेवतो, आणि अंगात बळ आहे तोवरच करायचं ते करतो. म्हणजे आजाराकडे पाहणं ही अश्रद्धा नाही. भगवंतांनी ते थेट ज्ञानाच्या यादीत घातलंय! चाकणच्या त्या लाइनवर ताई रोज हेच तर करत होती. तिचं ते पाहणं हे ज्ञान होतं, आणि माझं "काही नसेल गं" हे अज्ञान. या अध्यायात ज्ञानानंतर अज्ञानाचीही लक्षणं येतात. ती वाचताना आता मान खाली जाते.

दुसरी गोष्ट आकुर्डीची. देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. त्या वर्षी ताईचा केमो सुरू होता. डोक्याला ओढणी बांधून, मास्क लावून ती हट्टानं आली आणि रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून वारकऱ्यांना राजगिऱ्याचे लाडू वाटायला बसली. एक म्हातारी माळकरीण लाडू घेताना थबकली, ओढणीकडे पाहिलं, आणि वाकून ताईच्याच पाया पडली. "माउली," एवढंच म्हणाली. काय झालंय, कसं झालं, काहीच विचारलं नाही. परत येताना गाडीत ताई म्हणाली, "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला पाहिलं. बाकी सगळे माझा आजार बघतात."

घरी येणारे काय काय बोलून जायचे! मागच्या जन्मीचं असेल. कुणाचं तरी वाईट केलं असेल. बाहेरचं खाल्लं असेल. आपल्याच देहूतल्या तुकोबारायांच्या घरात काय घडलं ते आठवा. मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्या माउलीचं कर्म वाईट होतं, असं म्हणायची आपली जीभ रेटेल का? मग ताईबद्दल कशी रेटते? आणि परंपरा सांगते, त्या दुःखानंतर तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत बुडवले. स्वतःचं घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी दुसऱ्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरवलं. खरं दुःख माणसाला असं मोकळं करतं.

हे जुन्या काळातच घडतं असं नाही. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे. डॉ. सुनंदा अवचट, ज्या अनिता या नावानंही ओळखल्या जात. लेखक अनिल अवचट यांच्या पत्नी, येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर. त्यांच्या पगारावर घर चालायचं आणि अवचट लिहायचे. अवचटांनी 'गर्द'च्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला पुढे आले, आणि १९८६ साली येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. ज्यांना घरानं दार बंद केलं होतं, अशा माणसांसाठी सुनंदाताईंनी दार उघडलं. पुढे त्यांना कर्करोगानं गाठलं. आपल्या आजाराकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहताना त्यांना काय काय कळत असेल, विचार करा. तरी त्यांनी त्या माणसांकडे पाठ फिरवली नाही. १९९७ साली त्या गेल्या. आज त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते काम पुढे नेतेय, आणि व्यसनातून बाहेर आलेली माणसंच तिथं नव्या येणाऱ्यांना हात देतात. सुनंदाताईंच्या स्मरणार्थ मुक्तांगण जो पुरस्कार देतं, त्याचं नावच 'संघर्ष सन्मान' आहे.

मला यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपण म्हणतो, अमुक जण कर्करोगाशी लढाई हरली. ताई हरली नाही. सुनंदाताईही हरल्या नाहीत. देह कधीतरी जाणारच, हे गीता पहिल्या काही पानांतच सांगून टाकते. डोळे उघडे ठेवून पाहिलं का, आणि हातात आहे तेवढ्या वेळात कुणाच्या उपयोगी पडलो का, एवढेच दोन प्रश्न उरतात. शेवटच्या महिन्यात ताईनं तिच्या लाइनवरच्या सगळ्या मुलींना फोन केले. एकच वाक्य : "दुखत नसलं तरी दाखवून ये." त्यातल्या दोघी जाऊन आल्या. दोघींच्याही गाठी साध्या निघाल्या. हे कळल्यावर ताई जी हसली, ते हसू माझ्यासाठी प्रसाद आहे.

म्हणून आजचा संकल्प नुसता जपाचा ठेवत नाही.

ताई-माई-वहिनींनो, स्तनात किंवा काखेत गाठ, कातडीला खळी, स्तनाग्रातून रक्त किंवा पाणी, आकारात नवा फरक, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यांच्यातल्या एका गटाची, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी करत. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांमध्ये तशी घट दिसली नाही. म्हणजे तरुण मुलींनी ठरलेल्या तपासणीची वाट पाहत बसू नये. काही वेगळं जाणवलं की लगेच निघावं. घरात कुणाला कमी वयात हा आजार झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा, मग ते आईकडचं असो वा वडिलांकडचं.

पैशाची भीती असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात होतात, आणि कर्करोगाचे उपचारही तिच्यात आहेत. कारखान्यात असाल तर ईएसआयचं कार्ड बाहेर काढा. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय आहे, तेही कुठे? संत तुकारामनगरात! देहूला जाताना तिकडेही पावलं वळू द्या.

आणि माझ्यासारख्या "देवाचं वाचणाऱ्या" भावांनो, नवऱ्यांनो, कुणी हळूच काही सांगितलं तर "काही नसेल" म्हणू नका. "चल, मी येतो सोबत" म्हणा. गाडी काढा. रांगेत बसा. नाम तिथंही घेता येतं. मला तर आता वाटतं, ओपीडीच्या बाकावर सोबत बसून घेतलेलं नाम विठोबाला लवकर ऐकू जात असेल.

ताईचा मुलगा आता दुसरीत आहे. परवा आळंदीला माउलींच्या समाधीपुढे मी डोळे मिटून उभा होतो. त्यानं माझा शर्ट ओढला. "मामा, डोळे उघड ना. देव समोर आहे."

उघडले.

राम कृष्ण हरी.