बक्षिसी : दान की बलुते?

हॉटेलात जेवण आटोपले, बडीशेपेच्या बशीत बिल आले, की मनात प्रश्न उभा राहतो. वेटरसाठी वर काही ठेवावे की नाही? ठेवावे तर कोणत्या भावनेने? प्रश्न दहा-वीस रुपयांचा दिसतो. पण आपल्यासाठी तो तेवढाच नाही. आपली कित्येक मुले शहरांतील हॉटेलांत ताटे उचलतात, मोरीवर भांडी घासतात, लॉजमधील खोल्या झाडतात. कधी आपण बशीत पैसे ठेवणारे असतो, कधी उचलणारे. म्हणून बौद्ध गृहस्थाने या प्रथेचा मुळापासून विचार केला पाहिजे.

कोणी म्हणतात, बक्षिसी हे दान आहे आणि धम्मात दानाला मोठे स्थान आहे. तेव्हा सढळ हाताने द्यावे. कोणी म्हणतात, ती लाच आहे. पुढच्या वेळी चांगले टेबल मिळावे म्हणून दिलेली. दोन्ही म्हणण्यांत थोडे तथ्य आहे. परंतु खरा प्रश्न वेगळाच आहे. बक्षिसी मिळते म्हणून त्या कामगाराचे वेतन कमी ठेवले जाते काय?

या प्रथेचे खरे रूप अमेरिकेत उघडे पडले. तेथे यादवी युद्धानंतर गुलामगिरी कायद्याने संपली आणि पुलमन नावाच्या कंपनीने आपल्या आगगाडीच्या शयन-डब्यांत पोर्टर म्हणून मुक्त झालेल्या निग्रो पुरुषांना नेमले. बिछाने घालणे, बूट पुसणे, रात्रभर हाकेला ओ देणे हे त्यांचे काम. वेतन तुटपुंजे, बाकीचे पोट उतारूंच्या बक्षिसीवर. कंपनीचा मालक जॉर्ज पुलमन. म्हणून उतारू प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारीत. गुलामाला धन्याचे नाव चिकटावे तसेच हे! १९१५ साली सरकारी आयोगापुढे याची चौकशी झाली, तेव्हा पोर्टरचा मासिक पगार साडेसत्तावीस डॉलरच्या आसपास होता. त्या वेळी कंपनीचे एक प्रमुख सूत्रधार होते रॉबर्ट लिंकन. गुलामांच्या मुक्तीची घोषणा करणाऱ्या अब्राहम लिंकन यांचे हे चिरंजीव! त्याच वर्षी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते.

या पोर्टरांनी काय केले? त्यांनी अधिक बक्षिसी मागितली नाही. १९२५ साली ए. फिलिप रॅन्डॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी युनियन स्थापली, बारा वर्षे झगडा दिला आणि १९३७ साली कंपनीला करार करावयास लावला. पगार वाढला, कामाचे तास ठरले. उतारूची मर्जी गेली आणि लेखी करार आला.

पण ती रीत अजून पुरती गेलेली नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे बक्षिसी मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालते, आणि हा आकडा १९९१ पासून तसाच आहे. इतरांचे किमान वेतन ७.२५ डॉलर. बक्षिसीने फरक भरला नाही तर मालकाने तो भरावा, असे कायदा म्हणतो. म्हणजे मजुरी देण्याचा पहिला भार गिऱ्हाइकावर, मालकावर नंतर. कॅलिफोर्नियासारख्या सात राज्यांनी मात्र मालकाला ही सवलत दिलेली नाही.

हे वाचताना आपल्या जुन्या माणसांना काही आठवत नाही काय? महारवतन आठवत नाही काय? काम सरकारचे. टपाल पोहोचविणे, सरकारी अंमलदारापुढे धावणे, रात्री-अपरात्री हुकूम पाळणे. आणि मोबदला? इनामाचा एक तुकडा, आणि रयतेच्या खळ्यावरचे बलुते. काम घेणारा एक, पोट दुसऱ्याच्या हाती! देणारा राजी असेल तर पेंढी मिळे. आपण मान वर केली की बलुते बंद. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, ते ही गाठ सोडविण्यासाठी. जो काम घेतो त्याने रोख वेतन द्यावे, हा त्यांचा आग्रह होता. ही वतने नाहीशी करणारा कायदा १९५८ साली झाला.

ज्या बक्षिसीवर माणसाचे पोट चालते, ती बक्षिसी म्हणजे शहरातले बलुतेच होय. तिला दान म्हणता येणार नाही. घेणाऱ्याला ज्यावाचून भागत नाही आणि ज्यासाठी त्याला लाचारीने हसावे लागते, ते दान कसले?

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळोवेळी सुटी द्यावी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वेतन हे एक कर्तव्य आहे आणि गोडधोड वाटणे हे दुसरे. दुसरे पाळले म्हणून पहिले माफ होत नाही. आनंदाने दिलेली दिवाळीची पोस्त चांगली. पण ती पगाराच्या जागी नव्हे.

मग बक्षिसी द्यावयाचीच नाही काय? असे कोणी समजू नये. आपण बशी रिकामी ठेवली तर मालकाचे काही बिघडत नाही. घरी जाणाऱ्या वेटरचे बिघडते. पगार पुरेसा नसेल तोवर द्यावे. पण धम्माच्या रीतीने द्यावे. आदराने द्यावे, विचारपूर्वक द्यावे, आपल्या हाताने द्यावे, टाकाऊ म्हणून फेकू नये, अशी सत्पुरुषाच्या दानाची लक्षणे सांगितली आहेत. तेव्हा 'ए पोऱ्या' म्हणून हाक मारणे आणि मग दहाची नोट टाकणे यात दान नाही. 'दादा' म्हणावे, पैसे हाती द्यावेत, सलामाची वाट पाहू नये. मोरीवरच्या मुलाला त्यातले काही मिळते काय, हेही विचारावे.

बिलात 'सेवा शुल्क' लावले असेल तर ते कोणाच्या गल्ल्यात जाते हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. असे शुल्क आपोआप लावू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ब्रिटनमध्ये तर बक्षिसी पूर्णपणे कामगारांनाच मिळावी, मालकाने त्यातून कापू नये, असा कायदा ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे.

आणि हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना एवढेच सांगावयाचे आहे. मिळालेली बक्षिसी ताठ मानेने घ्या. त्यात कमीपणा नाही. परंतु तिच्यावर समाधान मानू नका. हजेरी मांडली जाते काय, पगार किमान वेतनाइतका आहे काय, आठवड्याची सुटी मिळते काय, हे विचारा. एकट्याने नव्हे, दहा जणांनी मिळून विचारा. आपल्या वडीलधाऱ्यांनी बलुते सोडले तेव्हा घरात धान्य भरलेले नव्हते. तरीही त्यांनी सोडले, कारण दुसऱ्याच्या मर्जीवर जगणाऱ्याला समता मिळत नाही, हे त्यांना कळले होते.